छत्तिसावा दिवस

शिक्रापूरचा चौक हा पुणे-नगर रस्त्यावरचा रोजच्या खोळंब्याचा चौक. नगरचं अहिल्यानगर झालं, तरी लोकांच्या तोंडी हा नगर रोडच. इथून एक फाटा चाकणला जातो. दुसरा तळेगाव ढमढेरे, न्हावरा करत चौफुल्याला, म्हणजे दौंड तालुक्यात उतरतो आणि सोलापूर रस्त्याला मिळतो. नगरच्या दिशेला रांजणगावचा महागणपती आणि त्याला लागून एमआयडीसी. पुण्याच्या दिशेला सणसवाडी, कोरेगाव भीमा. कंटेनर, उसाचे ट्रॅक्टर, कंपन्यांच्या बस आणि अष्टविनायकाच्या गाड्या असं सगळं या चौकात एकमेकांसमोर येतं आणि हॉर्न वाजवत उभं राहतं.

ऑक्टोबर २०२० मध्ये पिंपरी-चिंचवड पोलिसांनी चाकण परिसरात वीस किलो मेफेड्रोन पकडलं. बाजारातलं त्याचं नाव एमडी. माल कुठे तयार झाला याचा माग काढत पोलीस रांजणगाव एमआयडीसीतल्या एका कंपनीपर्यंत पोचले. रांजणगावहून चाकणला जायचं तर सरळ वाट शिक्रापूरच्या चौकातूनच जाते. पुढे फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी दौंड तालुक्यातल्या कुरकुंभ एमआयडीसीत एका रासायनिक कारखान्यावर छापा घातला. तिथला आणि त्याच धाग्यावरून दिल्ली, सांगलीकडे सापडलेला माल मिळून सतराशे किलोंच्या वर गेला. किंमत सांगितली गेली साडेतीन हजार कोटींहून जास्त. कायद्याच्या लेखी एमडीचं ‘व्यापारी प्रमाण’ पन्नास ग्रॅमला सुरू होतं. त्या मापाने मोजलं तर हा साठा चौतीस हजार गुन्ह्यांना पुरला असता.

गांजा आंध्र-ओडिशाच्या डोंगरांतून येत असे, ब्राउन शुगर सीमेपलीकडून. एमडी कुठे पिकत नाही. तिला लागते एक शेड, एक रिअ‍ॅक्टर, रसायनांचा परवाना, रसायनशास्त्र शिकलेला एखादा माणूस आणि टँकरची ये-जा कुणाच्या डोळ्यांवर येणार नाही अशी जागा. आपण तालुक्या-तालुक्याला मोर्चे काढून सरकारकडे मागितलेल्या गोष्टींची यादी काढली, तर ती जवळजवळ हीच निघते. एमआयडीसीने या भागाला पगार दिला, पक्की घरं दिली, मुलींच्या नोकऱ्या दिल्या. ते नाकारण्यात अर्थ नाही. पण आपल्या गावात तयार होणारी पहिली आधुनिक नशाही तिच्याच पत्त्यावर सापडली, हेही नोंदवायला हवं.

२०२० च्या त्या गुन्ह्यातला एक आरोपी पुढे उपचारांच्या नावाखाली पुण्याच्या ससून रुग्णालयात होता आणि २ ऑक्टोबर २०२३ ला तिथून पळाला. दिवस गांधीजयंतीचा, ड्राय डेचा. त्यानंतरचे काही महिने वर्तमानपत्रांना दुसरा विषय नव्हता. मंत्री बोलले, विरोधक बोलले, निलंबनं झाली, नाशिकजवळचा कारखाना उघडकीला आला. या सगळ्यात माल किती, किंमत किती, कोण कुणाचा माणूस, एवढंच मोजलं गेलं. तो माल ज्यांच्या नाकात जाणार होता त्यांची मोजदाद कुणी मागितली नाही.

ती मोजदाद देशपातळीवर एकदा नीट झाली आहे. सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सने केलेल्या पाहणीचा अहवाल २०१९ मध्ये आला. त्यानुसार देशात दारू पिणारे सुमारे सोळा कोटी आणि त्यांतल्या पावणेसहा कोटींच्या आसपास लोकांना मदतीची गरज. आणि जो आकडा मला सगळ्यांत बोचतो तो असा: दारूच्या आहारी पूर्ण गेलेल्या अडतीस जणांमागे एकाला कसला ना कसला उपचार मिळतो. दाखल होऊन उपचार घेणारा तर एकशे ऐंशी जणांमागे एक. एमडीच्या बातम्यांचा एक तोटा आहे. त्या वाचताना नशा ही कुठल्यातरी टोळीची गोष्ट वाटू लागते आणि आपल्याच आळीतल्या तिघांची दारू साधी दिसू लागते. शिरूर आणि दौंडमध्ये आजही सर्वांत जास्त घरं मोडते ती दारूच. एमडी तिच्या शेजारी येऊन बसली आहे.

शिक्रापूर पट्ट्यातला तरुण म्हणताना दोन वेगळे तरुण डोळ्यांसमोर ठेवावे लागतात. दोघंही कुणी एक व्यक्ती नव्हेत. पण इथे राहणाऱ्याला दोघांचे चेहरे लगेच आठवतील.

पहिला बाहेरून आलेला. धरा, परभणीकडचा, आयटीआय फिटर, वय बावीस-तेवीस. सणसवाडीत किंवा कारेगावात दहा बाय दहाच्या खोलीत चौघं राहतात, दोघं दिवसपाळीचे, दोघं नाईटचे. गादी कधी थंड होत नाही. नोकरी कॉन्ट्रॅक्टरकडची. सहा-सात महिन्यांनी ‘ब्रेक’ मिळतो, मग पुन्हा दुसऱ्या कंपनीच्या गेटवर उभं राहायचं. आठ तासांच्या पगारात भागत नाही म्हणून ओटी. चार तास जास्तीचे धरून बारा तास लाइनवर. आठवड्याला पाळी बदलते, तशी झोपही बदलते. घरी पैसे पाठवायचे, बहिणीचं लग्न, आणि खानावळीतलं तेच वांगं. कुणीतरी रूम पार्टनर सांगतो, थोडं घे, झोप येणार नाही. पहिला महिना खरंच येत नाही. उत्पादन वाढतं, सुपरवायझर खूश असतो.

दुसरा इथलाच. वडिलांची दोन-चार एकर एमआयडीसीत, नाहीतर रस्त्यात गेली. उरलेल्यावर पंधरा खोल्या बांधल्या. महिन्याच्या दहा तारखेला भाडं गोळा केलं की घरातल्या पुरुषाला दुसरं काम उरत नाही. मुलगा बारावीनंतर कॉलेजात नावाला. कंपन्यांची कामगार पुरवण्याची कंत्राटं, भंगाराचे ठेके, पाण्याचे टँकर, जेसीबी, यांतलं काहीतरी मिळवायचं म्हणजे चार पोरं मागे पाहिजेत. चार पोरं मागे ठेवायची म्हणजे रोज संध्याकाळी त्यांना बसवलं पाहिजे. वाढदिवसाचा फ्लेक्स, बैलगाड्याची शर्यत, यात्रा, इलेक्शन, एकतीस डिसेंबर: बसण्याला निमित्त वर्षभर मिळतं. या मुलाच्या बापाने आयुष्यभर पाण्याच्या पाळीसाठी रात्री जागून काढल्या. मुलगाही जागतोच, पण कशासाठी ते त्याला सांगता येत नाही.

पहिल्याला वेळ नाही, दुसऱ्याकडे वेळच वेळ आहे. एकाच पानटपरीवर दोघं उभे असतात आणि एकमेकांना तुच्छ समजतात. पुरवठा करणाऱ्याला मात्र दोघांत फरक दिसत नाही.

एमडीचं काम कसं चालतं ते घरच्यांनी समजून घ्यावं, कारण दारूचा वास येतो, हिचा येत नाही. मेफेड्रोन हे प्रयोगशाळेत पहिल्यांदा बनलं १९२९ साली. नंतर ते विस्मरणात गेलं आणि या शतकाच्या सुरुवातीला पुन्हा कुणाला तरी सापडलं. युरोपात त्याने धुमाकूळ घातल्यावर ब्रिटनने २०१० मध्ये बंदी आणली. आपल्याकडे ते अमली पदार्थांच्या यादीत आलं फेब्रुवारी २०१५ मध्ये. पांढरी भुकटी, नाकाने ओढायची किंवा जिभेवर ठेवायची. तास-दोन तास अंगात उत्साह, बडबड, जगात कुणाचीच भीती नाही. उतरली की मन खोल खड्ड्यात जातं आणि त्या खड्ड्यातून वर यायला लगेच दुसरी मात्रा हवी होते. म्हणून एमडी घेणारा एका रात्रीत अनेकदा घेतो. झोप जाते, भूक जाते, वजन उतरतं, दात करकरतात, छाती धडधडते. काही महिन्यांत संशय सुरू होतो: कुणीतरी मागावर आहे, बायको फोनवर कुणाशी बोलते, आईने जेवणात काहीतरी घातलंय. घरचे तेव्हा देवऋष्याकडे जातात. करणी झाल्यासारखंच दिसतं ते.

यात आणखी एक गोष्ट जिमच्या वाटेने आली. शस्त्रक्रियेच्या वेळी रक्तदाब उतरला तर भूलतज्ज्ञ वापरतात ते मेफेंटरमिनचं इंजेक्शन व्यायाम करणारी पोरं टोचून घेऊ लागली. पुण्यात त्याची बेकायदा विक्री करणाऱ्यांवर वारंवार गुन्हे दाखल झाले आहेत. स्वतःला निर्व्यसनी म्हणवणारा, चहासुद्धा न पिणारा, पोलीस भरतीची तयारी करणारा पोरगा यात सापडतो. त्याला वाटतं हे ‘औषध’ आहे, कारण कुपीवर कंपनीचं नाव छापलेलं असतं.

घरात कळल्यावर काय होतं, याचा क्रम ठरलेला आहे. आधी मार. मग शपथ, देवाच्या पायावर हात ठेवून. मग जागा बदलणं: मामाकडे पाठवू. मग लग्न. ‘दोनाचे चार हात झाले की येईल ताळ्यावर’ हे वाक्य उच्चारणाऱ्या वडीलधाऱ्यांना माझ्या मते कायद्याने दंड करायला हवा. एका माणसाचा आजार बरा करायला दुसऱ्या घरची मुलगी औषध म्हणून आणायची, आणि वर्षभरात गुण आला नाही की तिच्याच पायगुणावर यायचं. यानंतरची पायरी ‘न कळत दारू सोडवा’ छापाच्या पुड्यांची. अशा काही पुड्यांत डायसल्फिराम हे औषध मिसळलेलं असतं. ते पोटात असताना दारू प्यायली तर रक्तदाब कोसळू शकतो, जीव जाऊ शकतो. डॉक्टर हे औषध देतात ते रुग्णाला सगळं सांगून, त्याच्या संमतीने. भाजीत कालवून देण्याची ती चीज नव्हे.

आणि खोलीत कोंडून घालणं. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू घरच्या घरी एकदम तोडली, तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हातपाय थरथरणं, फिट येणं, भास होणं, बरळणं असं सुरू होऊ शकतं. वेळेवर दवाखाना मिळाला नाही तर त्यात माणसं दगावतात. लोक म्हणतात, दारू सोडली आणि मेला. दारू सोडल्याने मेला नसतो. त्या चार दिवसांत लागणारी गोळ्या-इंजेक्शनं त्याला मिळालेली नसतात. ती महाग नसतात आणि साध्या दवाखान्यातही देता येतात.

महाराष्ट्राला व्यसन हा आजार आहे असं सांगणारं घर पुण्यातच उभं राहिलं. ऐंशीच्या दशकात अनिल अवचटांनी गर्दच्या, म्हणजे ब्राउन शुगरच्या विळख्यात अडकलेल्या मुलांवर लेखमाला लिहिली. ती वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले आणि त्यांनी आपल्या प्रतिष्ठानातून पैसे देऊ केले. लेखकाने लिहून हात झटकले असते तरी चाललं असतं. पण अवचटांच्या पत्नी डॉ. सुनंदा अवचट येरवड्याच्या मनोरुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ होत्या. त्यांनी केंद्र चालवायची जबाबदारी घेतली. २९ ऑगस्ट १९८६ रोजी मनोरुग्णालयाच्याच आवारात ‘मुक्तांगण’ सुरू झालं. सुनंदाताई १९९७ मध्ये कर्करोगाने गेल्या, अवचट जानेवारी २०२२ मध्ये. आता मुलगी मुक्ता पुणतांबेकर केंद्र पाहतात.

मुक्तांगणात एक गोष्ट सुरुवातीपासून वेगळी होती. तिथे काम करणाऱ्यांत बरे झालेले व्यसनी मोठ्या संख्येने आहेत. नवा आलेला पोरगा ‘टर्की’त, म्हणजे नशा तुटल्यावरच्या यातनांत तळमळत असतो, तेव्हा त्याच्या उशाशी बसलेला माणूस स्वतः त्यातून गेलेला असतो. त्याच्याशी खोटं बोलता येत नाही; सगळी खोटी कारणं त्याने आधीच वापरून पाहिलेली असतात. दाखल उपचार पस्तीस दिवसांचे. पहिले काही दिवस शरीरातलं विष उतरवायचं, मग व्यायाम, काम, गटचर्चा, समुपदेशन. घरच्यांनाही बोलावतात, कारण इतकी वर्षं व्यसन फक्त पिणाऱ्याला लागलेलं नसतं. बायकोला त्याचे खिसे तपासायची सवय लागलेली असते, आईला त्याची देणी गुपचूप फेडायची.

पण गोष्ट अडते ती छत्तिसाव्या दिवशी. त्या दिवशी तो शिक्रापूरच्या स्टँडवर उतरतो. टपरी तिथेच असते, रूम पार्टनर तेच असतात, पगाराची तारीखही तीच असते. पस्तीस दिवस न आल्यामुळे कॉन्ट्रॅक्टरने त्याच्या जागी दुसरा भरलेला असतो. गावातला असेल तर चार पोरं वाट बघत असतात: ‘काय भाऊ, आश्रमातून आला का?’ व्यसनाच्या आजारात पुन्हा घसरणाऱ्यांचं प्रमाण अमेरिकेतल्या सरकारी संशोधन संस्थेने चाळीस ते साठ टक्क्यांच्या घरात सांगितलं आहे. रक्तदाबाच्या, दम्याच्या रुग्णांत औषधपाणी सोडून पुन्हा आजारी पडणाऱ्यांचं प्रमाणही साधारण तेवढंच असतं. पण दमेकऱ्याला पुन्हा धाप लागली तर आपण त्याला पंप देतो. व्यसनी पुन्हा प्यायला की म्हणतो, बघा, एवढे पैसे घातले, कुत्र्याचं शेपूट ते. एमडीच्या बाबतीत तर अडचण जास्त. ब्राउन शुगरवाल्याला ब्युप्रेनॉर्फिनसारखी पर्यायी गोळी देता येते. एमडीला अशी गोळी अजून नाही. जो उपाय आहे तो माणसांचाच आहे, आणि तो आठवड्यामागून आठवडे चालू ठेवावा लागतो.

हे शास्त्र आपल्याकडे दुसऱ्या नावाने फार आधीपासून आहे. देहू-आळंदीच्या या टापूत दारू सुटलेल्या माणसाबद्दल लोक एवढंच सांगतात: त्याने माळ घातली. तुळशीची माळ गळ्यात आली की दारू-मटण बंद, आणि ते सगळ्या गावाला दिसतं. बस म्हणणाऱ्यांना कारण सांगायची गरज उरत नाही. रिकाम्या संध्याकाळी हरिपाठ मिळतो, पंधरवड्याला एकादशी मिळते, वर्षाला वारी मिळते, आणि मुख्य म्हणजे बसायला दुसरी माणसं मिळतात. अमेरिकेत १९३५ मध्ये सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या बैठकांत हेच चालतं: आपल्यासारखीच माणसं, ठरलेली वेळ, मोठ्या शक्तीपुढे वाकणं, आणि एका वेळी एका दिवसाचा विचार. माळेची मर्यादाही तीच. ती ज्याने मनाने घातली त्याला तारते. सासरेबुवांनी घातलेली माळ पोरं खुंटीला टांगून बसायला जातात. आणि टांगली की पुन्हा घालायला लाज वाटते, कारण घसरलेल्याला परत घेण्याची रीत गावाने ठरवलेली नाही. अल्कोहोलिक्स अनॉनिमसने ती ठरवली: बैठकीला पुन्हा ये, एवढंच.

बंदीने काय होतं? महामार्गांपासून पाचशे मीटरच्या आतली दारू दुकानं बंद करा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये दिला होता. एप्रिल २०१७ पासून तो लागू झाला, आणि मग लहान गावांसाठी अंतर कमी, शहरांना सूट, ग्रामपंचायतींबाबत निर्णय राज्यांकडे, अशा वाटांनी तो विरत गेला. नगर रोडवरच्या परमिट रूमच्या पाट्या आज मोजून पाहाव्यात. बायकांच्या मतदानाने गावातली बाटली आडवी करता येते, आणि त्याचा उपयोग होतो. सहज समोर नसलेली गोष्ट कमी घेतली जाते, हे साधं आहे. पण बाटली आडवी झाल्यावर जे थरथरू लागतील त्यांचं काय करायचं, याचा ठराव त्याच ग्रामसभेत व्हायला हवा. तो होत नाही.

पोलिसांबद्दलही थोडं. अमली पदार्थांचा १९८५ चा कायदा कडक आहे हे सर्वांना ठाऊक असतं. त्याच कायद्यात कलम ६४-अ आहे, हे फार थोड्यांना. स्वतः सेवन करणारा, थोडा माल जवळ बाळगणारा माणूस जर आपणहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचाराला तयार झाला, तर त्याच्यावरचा खटला टळू शकतो. पोलीस ठाण्याच्या भिंतीवर टोळ्यांच्या फोटोंशेजारी हे कलम मराठीत लावलं, तर पोराला घेऊन कुठे जावं ते न कळणारी आई निदान आत यायचं धाडस करेल. ती आज येत नाही, कारण तिला वाटतं पोरगं आत जाईल आणि नोकरीच्या चारित्र्य दाखल्यावर कायमचा शिक्का बसेल. तोवर तिने १४४४६ हा व्यसनमुक्तीचा सरकारी मोफत क्रमांक फिरवावा, किंवा मानसिक आजारांसाठीचा १४४१६.

ती भीती तिला दुसरीकडे नेते. शहराच्या कडेला भाड्याच्या बंगल्यात, गेटला कुलूप लावून चालणाऱ्या ‘केंद्रां’कडे. रात्री गाडी येते, चार जण पोराला उचलून नेतात, महिन्याचे पैसे आगाऊ. यांतली काही केंद्रं चांगली असतील. पण तिथे मानसोपचारतज्ज्ञ रोज येतो का, नोंदणी आहे का, घरच्यांना भेटू देतात का, एवढे तीन प्रश्न विचारल्याशिवाय पैसे देऊ नयेत. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी जोडलेल्या मानसिक अवस्था ‘मानसिक आजारा’च्या व्याख्येत घेतल्या आहेत. म्हणजे अशा केंद्राला नोंदणी हवी, आणि मारहाण, साखळी ही शिस्त ठरत नाही, गुन्हा ठरते.

त्याच व्याख्येचा दुसरा अर्थ अजून रांजणगाव-सणसवाडीच्या गेटपर्यंत पोचलेला नाही. कायद्याच्या लेखी हा आजार असेल, तर कामगाराला टायफॉइडला जशी रजा मिळते तशी याला मिळायला हवी, आणि परत आल्यावर कामही मिळायला हवं. कंपन्या सीएसआरच्या पैशातून शाळांना रंग देतात, झाडं लावतात, व्यसनमुक्तीवर पथनाट्यं करवतात. पथनाट्याला टाळ्या वाजवणारा कामगार दुसऱ्या दिवशी मदत मागायला एचआरकडे गेला, तर त्याचं कार्ड पंच होणं थांबतं. कंत्राटाच्या कागदात एक ओळ घातली तरी पुष्कळ होईल: उपचाराला गेलेल्याची जागा दोन महिने राखून ठेवायची. खर्च जवळजवळ शून्य आहे, कारण गेटवर तात्पुरता माणूस रोज मिळतो.

आणि बैठकीची वेळ. पुण्यात संध्याकाळी सातला भरणारी बैठक सेकंड शिफ्टवाल्याच्या उपयोगाची नाही. तो तेव्हा लाइनवर असतो. नाईटवाला सकाळी आठला सुटतो, आणि त्याला तलफ लागते ती नेमकी खोलीवर जाऊन झोपण्याआधीच्या तासात. त्या तासाला शिक्रापुरात, सणसवाडीत, कारेगावात, कुरकुंभमध्ये एखाद्या समाजमंदिराचं दार उघडं हवं, आत चहा हवा आणि स्वतः यातून गेलेला एक माणूस हवा. शेजारच्या सरकारी दवाखान्यात आठवड्यातला एक दिवस मानसोपचारतज्ज्ञाचा ठरलेला हवा. जागा ग्रामपंचायतीची आहे, डॉक्टर जिल्हा रुग्णालयाच्या मानसिक आरोग्य कार्यक्रमातून येऊ शकतो, आणि दारू सोडलेली माणसं प्रत्येक गावात दोन-चार तरी असतातच. गाव त्यांना ओळखतं, फक्त त्या कामासाठी कधी बोलावत नाही.